मॅडम, गाडी आहे

एम.ए.ची दोन वर्षं मी दिवसातून दोनदा उठायचे. पहाटे पाचला पालघरजवळच्या माहीमच्या घरात अंथरुणातून आणि संध्याकाळी सव्वापाचला कालिन्याच्या वर्गातून. पहिल्या उठण्याचं कधी काही वाटलं नाही. आमच्या केळवे-माहीमच्या वाड्यांमध्ये सगळेच पहाटे उठतात. पानं खुडायची असतात, जुड्या बांधायच्या असतात. दुसऱ्या उठण्याची लाज मात्र अजून गेलेली नाही. सर फळ्याकडे वळले की मी पिशवी उचलायचे, बाकाच्या कडेने सरकत दाराशी यायचे आणि चपला वाजू नयेत म्हणून पाऊल दाबत बाहेर पडायचे. मग सांताक्रूझपर्यंत बस, बोरिवलीपर्यंत लोकल आणि बोरिवलीला फ्लाईंग राणी. राणी चुकली की विरारला जाऊन शटल. शटल म्हणजे पालघरला उतरेपर्यंत शेवटची एसटी गेलेली.

एकदा सर वाक्याच्या मध्येच थांबले. मी दाराशी पोचले होते. त्यांनी वळून विचारलं, "गाडी का?" मी मान हलवली. "जा, उरलेलं उद्या सांगतो." त्यांनी दुसऱ्या दिवशी खरंच सांगितलं, माझ्यासाठी पाच मिनिटं आधी येऊन. पण वसतिगृहात राहणारी माझी मैत्रीण मधल्या सुट्टीत म्हणाली, "काल सर आठपर्यंत बोलत होते गं. आधी वर्गात, मग कॅन्टीनमध्ये, मग पायऱ्यांवर." मर्ढेकरांपासून निघालेलं बोलणं ज्ञानेश्वरीपर्यंत गेलं होतं. एका मुलाने सरांना विरोध केला होता आणि सरांनी शेवटी त्याचं म्हणणं मान्य केलं होतं. हे सगळं झालं तेव्हा मी वैतरणेच्या खाडीवर होते.

त्या दिवशी मला समजलं की विद्यापीठ सहानंतर सुरू होतं. तोपर्यंत मी ते वर्ग, हजेरी, ग्रंथालय आणि परीक्षा एवढ्यातच शोधत होते. ते चारही मला मिळत होते, पहिल्या वर्गाचे गुणही मिळत होते. जे मिळत नव्हतं त्याला नाव नव्हतं, त्यामुळे तक्रारही करता येत नव्हती. शिक्षकाला चुकताना पाहणं, त्याचं मत बदलताना पाहणं, रात्री कुणाच्या तरी खोलीत जाऊन "हे तुला पटतं का?" असं विचारणं हे कुठल्याच वेळापत्रकात छापलेलं नसतं.

हा काही माझ्या एकटीच्या नशिबाचा भाग नव्हता. मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजी जन्माला आलं ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. कलकत्ता आणि मद्रास त्याची त्याच वर्षाची भावंडं. तो नमुना परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठाचा होता: शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. विद्यार्थी कुठे राहतो, काय खातो, रात्री कुणाशी बोलतो, याच्याशी विद्यापीठाचा संबंध नाही. या विद्यापीठाची सगळ्यांत ओळखीची इमारत म्हणजे १८७८ साली पुरा झालेला राजाबाई टॉवर. खाली ग्रंथालय आणि वर भलंमोठं घड्याळ. घड्याळाकडे बघत शिकणाऱ्या आम्हा लोकांना ती खूण आपली वाटते. पुढे १९१७ ते १९१९ या काळात सॅडलर आयोग बसला. नुसत्या परीक्षांनी विद्यापीठ होत नाही, शिकवणारा आणि शिकणारा एका आवारात राहायला हवेत, असा त्याचा कल होता. त्यातून १९२१ साली ढाक्याचं विद्यापीठ निघालं, तेच मुळी निवासी म्हणून. मुंबईच्या बाबतीत तसं नव्याने मांडणं झालं नाही. कालिन्याला ऐसपैस आवार मिळालं, वसतिगृहंही झाली, पण तलासरीपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेल्या या विद्यापीठाची बहुतेक मुलं येऊन-जाऊनच शिकली.

आणि ती वाईट शिकली, असं कुणी म्हणू नये. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात, गरिबांच्या मुलांसाठी १८४७ साली निघालेल्या बिनफीच्या कॉलेजात, पोरं घरून यायची आणि घरी जायची. पोलिओची लस देणारा जोनास साल्क तिथलाच, १९३४ चा पदवीधर. आपल्याकडे तर बाबासाहेबांचं उदाहरण आहे. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकताना त्यांचं घर म्हणजे परळच्या चाळीतली खोली. तीत सगळं कुटुंब, तिथेच स्वयंपाक, तिथेच झोप. ते संध्याकाळी लवकर झोपायचे आणि वडील रात्री दोनला त्यांना अभ्यासाला उठवायचे, कारण शांतता तेवढ्याच वेळात मिळायची. पुढे १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले आणि तिथल्या वसतिगृहात राहिले. नवल भथेना हा आयुष्यभराचा मित्र त्यांना तिथेच मिळाला. मी वर्गात हे सांगते तेव्हा मुलं पहाटे दोनच्या अभ्यासाने भारावतात. मी त्यांना म्हणते, भारावा. पण त्या मुलाला कोलंबियात पहिल्यांदा स्वतःचा दिवा मिळाला, तो हवा तितका वेळ चालू ठेवता आला, हेही लक्षात ठेवा.

गाडीने मला काय दिलं, तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

मी बी.ए. झाले तेव्हा बाबांनी एकच अट घातली होती: "रात्री घरी यायचं, मग काय हवं ते शीक." वसतिगृहाचा अर्ज मी आणला होता. तो आईने देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवला आणि पुन्हा कुणी काढला नाही. तेव्हा मला त्याचा राग आला. आज वाटतं, आमच्या भागातल्या कित्येक मुलींना पदवी मिळाली ती रेल्वेमुळे नव्हे, रेल्वे रात्री परत आणते या भरवशामुळे. २००८ च्या रेल्वे अर्थसंकल्पात मुलींना पदवीपर्यंत घर ते कॉलेज असा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत झाला. त्याआधी तो बारावीपर्यंतच होता. घरच्यांच्या "परवडत नाही" या सबबीला त्या कागदाने उत्तर दिलं. सबब म्हणून पुढे येणारी दुसरी वाक्यं होतीच, पण एक तरी कमी झालं.

आणि बायकांचा डबा. सकाळच्या गाडीत पालघरच्या शिक्षिका, बोईसरच्या नर्सबाई, केळव्याच्या भाजीवाल्या आणि संध्याकाळच्या परतीला सातपाटीच्या कोळणी, रिकाम्या टोपल्या एकात एक घालून बसलेल्या. एक पावसाळी संध्याकाळ मला अजून जशीच्या तशी आठवते. वैतरणा सोडून गाडी बाजूला काढली होती. मागून राजधानी यायची होती. विरारच्या पुढे तेव्हा दोनच रुळ, त्यामुळे मोठ्या गाडीला वाट द्यायची ती आमच्या गाडीने. डब्यातला पंखा बंद, दिवा मिणमिणता, खिडकीबाहेर खाडी आणि मिठागरं काळोखात बुडालेली. मांडीवर भाषाविज्ञानाचं पुस्तक उघडं होतं आणि अक्षरं दिसत नव्हती. समोरच्या मावशीने आपली टोपली उपडी करून माझ्यासमोर ठेवली, कनवटीची छोटी बॅटरी काढली आणि टोपलीवर ठेवलेल्या पुस्तकावर धरली. "वाच. आमचं काय, आमी बसलोच हाव." वीस-पंचवीस मिनिटं तिने बॅटरी धरली. मध्येच विचारलं, "ह्यात काय लिवलंय?" मी म्हटलं, माणसं एकच शब्द वेगवेगळा कसा बोलतात ते. ती हसली आणि सातपाटीत एक, मुरब्यात दुसरं आणि वसईत तिसरं असे एकाच मासळीच्या जाळ्याचे शब्द तिने मला सांगितले. परीक्षेत मी ते उदाहरण लिहिलं. त्या पुस्तकाला माशांचा वास लागला तो कधी गेला नाही.

वसतिगृहातल्या मैत्रिणीला ही मावशी भेटली नसती. घरी पोचल्यावर ओटीवर कुणी ना कुणी बसलेलं असायचं: सातबाराचा कागद वाचून दाखव, बँकेचा फॉर्म भर, पोराची फी माफ होते का बघ. जेवायच्या आधी अर्धा तास ते काम. विद्यापीठात दिवसभर मिळवलेलं त्याच रात्री गावात खर्च व्हायचं. जी मुलं मुंबईत राहिली, त्यातली बरीच मुंबईचीच झाली. आमच्या पालघरच्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते सोनोपंत दांडेकर याच माहीमच्या मातीतले; पण त्यांचं आयुष्य पुण्याला गेलं, एस.पी. कॉलेजचे प्राचार्य म्हणून आणि वारकऱ्यांचे मामा म्हणून. पुण्याला ते मिळाले याचं मला दुःख नाही. पण गाव आपला हुशार मुलगा देऊन टाकतं आणि पुढे त्याचं नाव पाटीवर लावतं, ही रीत मला बोचते.

इथपर्यंतची गोष्ट रुळांच्या कडेची आहे. आमच्या जिल्ह्याची दुसरी गोष्ट रुळांपासून लांब, घाटाच्या अंगाला आहे आणि तिने माझं मत बदललं.

मी शिकवायला लागले तेव्हा माझ्या वर्गात जव्हार, मोखाडा, विक्रमगडची मुलं असायची. पहिल्या वर्षी एक मुलगा साडेतीन वाजले की उभा राहायचा. दोनदा मी दुर्लक्ष केलं, तिसऱ्यांदा रागाने बघितलं. तो खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, गाडी आहे." वस्तीची एसटी. पालघरहून सुटून विक्रमगडच्या पुढे जायची, रात्री गावातच मुक्काम आणि पहाटे परत. ती चुकली की दुसऱ्या दिवसापर्यंत काही नाही. माझंच उत्तर माझ्याकडे परत आलं होतं. मी म्हटलं, "जा." आणि उरलेला तास मी काय शिकवलं ते मला आठवत नाही.

हळूहळू एक उलटी गोष्ट ध्यानात आली. किनाऱ्यावरची, रुळांकडेची आमची मुलं जन्मात कधी वसतिगृहात राहत नाहीत. डोंगरातली मुलं पहिलीपासून आश्रमशाळेत राहतात. सहा वर्षांचं पोर आईपासून तुटून पत्र्याच्या पेटीसकट आश्रमशाळेत येतं आणि बारावीपर्यंत तिथेच वाढतं: घंटेला उठणं, रांगेत जेवणं, शंभर जणांत झोपणं. निवासी शिक्षण त्याच्याइतकं कुणी घेतलेलं नसतं. आणि नेमकं कॉलेजात आल्यावर, ज्या वयात एका आवारात राहण्याचा खरा उपयोग, त्या वयात त्याच्या डोक्यावरचं छप्पर निघतं. आदिवासी विकास विभागाची वसतिगृहं आहेत, पण खाटा मोजक्या आणि अर्ज फार. २०१६-१७ पासून खाट न मिळालेल्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजना आली. राहण्या-जेवण्याचे पैसे विद्यार्थ्याच्या खात्यात येतात. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी तशीच स्वाधार योजना. या योजनांनी अनेकांना तारलं आहे, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण पैसे म्हणजे खोली नव्हे. आडनाव विचारून खोली नाकारणारे घरमालक मला माहीत आहेत आणि पैसे उशिरा आले म्हणून दिवाळीला घरी गेलेली ती परत न आलेली मुलंही.

बोईसरचंच घ्या. आमच्या जिल्ह्यातलं हे मुक्कामी माणसांचं गाव. १९६९ साली तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, देशभरातून माणसं आली आणि त्यांच्यासाठी वसाहत उभी राहिली. दुरून येणाऱ्या माणसाला आधी घर लागतं, हे तेव्हा कुणाला पटवून द्यावं लागलं नाही. मग एमआयडीसी वाढली आणि आसपासच्या चाळींमधल्या खोल्या पाळ्यांवर चालू लागल्या. रात्रपाळीवाला बाहेर पडला की दिवसपाळीवाला त्याच चटईवर पाठ टेकतो. माझा एक विद्यार्थी अशा खोलीत चौथा म्हणून राहिला. दिवसा कुणीतरी झोपलेलं, रात्रीही कुणीतरी झोपलेलं. दिवा लावला की शिवी. तो स्टेशनच्या फलाटावर, चहाच्या स्टॉलसमोरच्या बाकावर अभ्यास करायचा. सूरतकडच्या गाड्यांच्या वेळा त्याला पाठ होत्या. तृतीय वर्षाला तो पास झाला. आज तो त्याच एमआयडीसीत सुपरवायझर आहे. तो एम.ए. करू शकला असता. मी त्याला तसं एकदाच म्हटलं, पुन्हा म्हणवलं नाही.

महाराष्ट्राला हे नवं नाही. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा बोर्डिंग काढून दिलं आणि मग एकेका जातीचं, एकेका धर्माचं वसतिगृह उभं राहत गेलं. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका छपराखाली आणून एका पंगतीला बसवलं. खेड्यातल्या मुलाला शाळेआधी झोपायची जागा आणि भाकरी लागते, हे या दोघांना ठाऊक होतं. आमच्या डहाणू तालुक्याने तर त्याच्याही पुढचं पाहिलं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केलं आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर. मूल शाळेत येऊ शकत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवायची. अंगणवाडी आणि कुरणशाळा आमच्या मातीत रुजल्या. मुलाने शाळेच्या वेळा पाळायच्या की शाळेने मुलाच्या, या प्रश्नाचं उत्तर कोसबाडला सत्तर वर्षांपूर्वी देऊन झालं आहे. आमच्या कॉलेजांपर्यंत मात्र ते अजून उतरलेलं नाही.

एप्रिल २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली. आम्ही स्टेशनवर नारळ फोडले. १ ऑगस्ट २०१४ ला जिल्हा झाला, कोळगावला मोठमोठी कार्यालयं उभी राहिली. बुलेट ट्रेनची स्टेशनं विरार आणि बोईसरला व्हायची आहेत, वाढवणला बंदर व्हायचं आहे. त्यांच्या बऱ्यावाईटाबद्दल इथे बोलत नाही. त्यावर किनाऱ्यावरची माणसं माझ्यापेक्षा जास्त अधिकाराने बोलत आहेत. पण विरार ते डहाणू नवे दोन रुळ टाकायचं काम अजून चाललेलंच आहे आणि तोवर आमची लोकल राजधानीसाठी बाजूला उभी राहते. वैतरणेच्या खाडीतल्या वाढीव-वैतीपाड्याची माणसं, त्यांत शाळा-कॉलेजची पोरंही आली, वर्षानुवर्षं रेल्वेच्या पुलावरून चालत स्टेशन गाठत आली आहेत. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला येणारी गाडी. त्यातली एखादी मुलगी पहिल्या तासाला दहा मिनिटं उशिरा आली, तर तिची हजेरी लावायची की नाही हा प्रश्न माझ्यापुढे कधी उभा राहिला नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. आमच्या भागात येऊन-जाऊन शिकणारा विद्यार्थी हा नियम आहे, अपवाद नव्हे. कॉलेजने आपलं घड्याळ त्याच्या गाडीशी जुळवावं. महत्त्वाचा विषय शेवटच्या तासाला ठेवू नये. पाहुणे वक्ते संध्याकाळी पाचला बोलावू नयेत. ज्यांची गाडी रात्रीची आहे त्यांच्यासाठी अभ्यासिका नऊपर्यंत उघडी असावी. रखवालदाराचा एक पगार, एवढाच त्याचा खर्च. आणि ज्यांना गाडीच नाही, त्या डोंगरातल्या मुलांना खाट मिळावी, पालघरला आणि बोईसरला, स्टेशनपासून चालत जाता येईल अशी. हे मी कागदावर लिहून योग्य त्या ठिकाणी अनेकदा दिलं आहे. पोच मिळाली आहे.

बाबा गेले त्यानंतर पालघरच्या आमच्या आताच्या घराची वरची खोली रिकामी होती. गेली काही वर्षं तिथे दरसाल दोन मुली राहतात. सध्याची एक मोखाड्याची, एक तलासरीची. परवा रात्री पाणी प्यायला उठले तर वरून भांडणाचा आवाज. घाबरून जिना चढले. दोघी एका कथेच्या शेवटावरून भांडत होत्या, आणि मला बघून एकीने विचारलं, "मॅडम, तुम्हीच सांगा, ती परत जाते का?" साडेअकरा वाजले होते. मी पायरीवर बसले. आम्ही दीडपर्यंत बोललो आणि माझं मत तलासरीच्या मुलीने बदललं.

पालघर, बोईसर, डहाणूच्या वाचकांना माझी विनंती आहे. तुमच्या घरात एखादी माडी, पडवी, मुलं परदेशी गेल्यामुळे बंद असलेली खोली असेल तर जवळच्या कॉलेजात जाऊन कळवा. माझ्या अनुभवात कॉलेज सुरू होतं आणि वसतिगृहांच्या याद्या मागाहून लागतात. मधले आठवडे सगळ्यांत वाईट असतात आणि मुलं गळतात ती तेव्हाच. निदान तेवढ्या दिवसांसाठी द्या. चटई चालते, मुलं चटईवरच वाढलेली असतात. दिवा मात्र त्यांना हवा तेवढा वेळ चालू ठेवू द्या.